करंजावरचे दोन वेढे

१

ते साल एकोणीसशे चव्वेचाळीस. महिना वैशाख. मधोमध भोक पाडलेला पैसा नुकताच हातात खेळायला लागला होता, कारण तांबं म्हणे सगळं लढाईवर गेलं होतं. रॉकेल रेशनवर, तांदूळ रेशनवर, आणि कर्जत म्हणा की खालापूर म्हणा, प्रत्येक नाक्यावर चोरटं धान्य पकडायला गाड्या उलटसुलट करून तपासत. मी मॅट्रिकला बसले होते आणि निकाल लागेपर्यंत पळसकोंडला माझ्या काकांकडे राहायला आले होते.

पळसकोंड म्हणजे कर्जतहून खालापूरकडे जाताना डोंगराच्या कुशीत दडलेलं लहानसं गाव. सकाळी मी मागच्या दारी राखुंडीने दात घासत होते, तोच वाल्मिक गुरव धोतर सावरत, ओरडत आला.

"गजराज गेला! बापूसायेब, गजराज गेला!"

परक्या माणसाला वाटलं असतं, गावात हत्ती होता. हत्ती नव्हता. गजराज म्हणजे गावकीचं तांब्याचं तपेलं. लग्न असो, उत्सव असो, सगळ्या गावाचा भात त्याच्यात शिजायचा. त्याला चार कड्या होत्या आणि त्या चार कड्या धरण्याचा मान चार घरांचा होता. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, जमिनीवरून ओढायचं नाही, लोळवायचं नाही. चौघांनी उचलायचं आणि चौघांनीच ठेवायचं. त्या चाकरीबद्दल भैरोबाची पाणथळाची जमीन पिढ्यान्‌पिढ्या त्या चार घरांकडे कसायला होती. गावात म्हणच होती, 'गजराजाला चौघे आणि मढ्याला चौघे.'

भैरोबाचं देऊळ उंच कातळावर. पुढून पायऱ्या, त्या थेट गावातून खाली उतरतात. उकाड्यामुळे अर्धं गाव त्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना अंगणात झोपलेलं. मागे मात्र कातळ सरळ तुटलेला, तीन-चार पुरुष उंच, आणि त्याच्या खाली गाडीवाट. कोठीला कुलूप कधीच नव्हतं. चौघांशिवाय गजराज हलत नाही, मग कुलूप कशाला?

आम्ही देवळाशी पोचलो तेव्हा गाव जमलं होतं. कोठी उघडी आणि रिकामी. काठी उभारायचा देवळाचा जाड दोर, सोल म्हणत त्याला, मात्र वेटोळं करून खुंटीला टांगलेला.

"पायऱ्यांवरनं नेला असता तर आमी उठलो नसतो व्हय?" कोणीतरी म्हणालं.

"मंग मागनं सोडला. दोरानं."

"चौघांशिवाय गजराज हलत नाय. मंग हलवला कुनी?"

त्याबरोबर सगळ्यांच्या माना भिवाजीकडे वळल्या. भिवाजी हा त्या चार मानकऱ्यांतला थोरला. त्याच्या मागे बाकीचे तिघे उभे होते. मी बघत होते, त्यांच्या भोवतीची माणसं हळूहळू बाजूला सरकत होती.

२

खालापूरहून फौजदार घोसाळकर टांग्यातून आले. माणूस अंगाने भरभक्कम, मिशीला तूप, आणि बोलणं असं की समोरच्याने आधीच कबुली द्यावी.

"काल रात्री कुठं होतात रे चौघं?"

"रानात, सायेब. कोळशाची भट्टी लावलीय. राखाय लागती," भिवाजी म्हणाला.

"साक्षीदार?"

"आमी चौघं की."

"वा! चोराला चोराची साक्ष." फौजदार गर्दीकडे वळून हसले. "हे बघा, सरळ आहे. चौघांनी सोल लावून तपेलं मागून खाली सोडलं. खाली गाडी. तांब्याला आज सोन्याचा भाव. चला, खालापूरला. पुढचं अलिबागला."

भिवाजीची बायको सुंदरा पुढे आली. ती रडत नव्हती, भांडतच आली. "मारा, धरा, काय बी करा. पन आमच्या मान्सानं देवाला हात लावला आसंल तर ह्या कातळावरनं मला ढकला!"

आमचे काका देवस्थानचे पंच होते. नाव गोपाळकृष्ण चौबळ, गाव त्यांना बापूसाहेब म्हणे. दम्याने काडी झालेले. चार पायऱ्या चढले की खांबाला धरून उभे राहायचे. ते फौजदारांना म्हणाले, "साहेब, मारझोड नको. गरीब माणसं आहेत." मग धाप आवरून म्हणाले, "चाकरी मोडली की जमीन देवस्थानाकडे परत येते, हा रिवाज आहे. त्याला माझा इलाज नाही."

सुंदराने ते ऐकलं आणि ती खालीच बसली. "पावसाच्या तोंडावर जमीन काढून घेनार? मंग आमी काय दगूड पेरायचे?"

तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला. "फौजदारसाहेब, चहा घेतलात का?"

ही माझी उमाआत्या. काकांची धाकटी बहीण. लग्न केलं नव्हतं. पुण्यात मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि सुट्टीत माहेरी यायची. कुठलीही गोष्ट सांगितली की तिचा पहिला प्रश्न 'कसं?' असायचा. देव पावला म्हटलं तरी विचारायची, कसा पावला?

"चहाचं काय आत्ता?" फौजदार म्हणाले.

"चहा आल्याचा करते, पोहे करते, जेवायला वालाचं बिरडं करते. तुम्ही फक्त दिवस मावळेपर्यंत ह्यांना नेऊ नका. चौघांनी सोडलं म्हणता. कसं सोडलं, ते मला बघायचंय."

फौजदारांनी मिशीवर हात फिरवला. बिरड्याने काम केलं असावं. "दिवस मावळेपर्यंत, बाई. मावळला की बेड्या."

३

"सुचू, चल," आत्या म्हणाली. माझं नाव सुचेता. मी धावले.

आत्याने आधी कोठीची जमीन बघितली. शेणाने सारवलेली. तिच्यावर एक बारीक अखंड रेघ उठली होती, मागच्या दाराकडे गेलेली.

"ही काय गं?"

"गाडीच्या चाकाच्या रेघेसारखी दिसते," मी म्हटलं. "पण एकच."

"बांबूची तरफ घालून तपेलं काठावर उभं केलं आणि चाकासारखं लोळवत नेलं. चौघांनी उचललं असतं तर रेघ उठली नसती."

वाल्मिक गुरवाने कानाला हात लावले. "गजराज लोळवत नाय, ताय! पाप हाय ते."

"मग ज्यांना ते पाप वाटतं, त्यांनी लोळवलं नसणार. आं?"

आत्या मागच्या दाराने कातळाच्या काठाशी गेली. तिथे एक जुनं करंजाचं झाड आहे. बुंधा दोन हातांच्या कवेत जेमतेम मावेल इतका. ती त्याच्याभोवती फिरली, खाली वाकली, नाक सालीला लावलं.

"हुंग."

मी हुंगलं. जळकट वास. गुडघ्याच्या उंचीवर साल घासून गुळगुळीत झाली होती, मधे मधे करपलेली.

"म्हशी बांदतात इथं," वाल्मिक म्हणाला. "दाव्यानं घासलं आसंल."

"वाल्मिकदा, म्हैस झाडाला ओढते तेव्हा दावं कुठं घासतं? ओढीच्या उलट अंगाला. एकाच बाजूला. आणि चार गडी झाडाचा आधार घेऊन दोर सोडतील तर तोही एकाच बाजूला घासेल. हे बघ." तिने बोट टेकवलं आणि झाडाभोवती चालत गेली. बोट कुठेही खडबडीत सालीवर आलं नाही. पूर्ण फेरी झाली, बोट थोडं खाली सरकलं, आणि दुसरी फेरी झाली. "सगळीकडून घासलंय. दोन पट्टे, एकाखाली एक. सोलाचे दोन वेढे घातले होते इथे."

"म्हणजे काय, आत्या?"

तिचे डोळे लकाकत होते. तशी ती मला पुन्हा फार थोड्या वेळा दिसली.

"चार गडी असते, तर चौघांनी दोर हातात धरून तपेलं सोडलं असतं. वजनाचे चार वाटे. चौघांना वेढ्याची गरजच काय? वेढे कोण घालतं, सुचू? ज्याला वजन पेलत नाही तो. इथे चौघे नव्हतेच. इथे एकटा माणूस होता!"

४

गावात दोराचं ज्ञान कोणाला, असं विचारल्यावर सगळ्यांनी एकच नाव घेतलं. आबाजी. तो मुंबईच्या गोदीत खलाशी होता. गुडघे धरले म्हणून गावी परत आला होता. आम्ही गेलो तेव्हा तो म्हैस बांधायच्या नादात होता. म्हैस अवखळ, सारखी ओढ घेत होती. आबाजीने दाव्याचा एक वेढा मेखेला घातला, टोक दोन बोटांत धरलं आणि निवांत तंबाखू मळत आमच्याशी बोलायला लागला. म्हैस धडपडली, मेख करकरली, आबाजीची बोटं हलली नाहीत.

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे.

"आबाजीदा, हा सोल बघ जरा." आम्ही देवळातला सोल बरोबर आणला होता.

आबाजीने तो हातातून सरकवला. "ह्यो भाजलाय, ताय. हितनं हितपत्तर बगा, वावभर-दोन वाव नाय, चांगला लांबलचक. चकाकतोय. घासत गेलाय कशावरनं तरी. गोदीत आसाच व्हायचा."

"गोदीत कसं करायचात?"

"जहाज बांदायचं तर खुंटाला वेढे. एक वेढा घातला की हत्ती धरावा." तो हसला आणि मग त्याच्या लक्षात आलं. तंबाखू हातातून सांडली. "ताय, मी नाय हां! मी घरीच व्हतो."

"एकटाच?"

"बायकू म्हायेरी गेलीय..."

तिथून आम्ही जयवंताकडे गेलो. जयवंता विधवा, वीटभट्टीवर पुरुषाच्या बरोबरीने ओझी वाहणारी. मागच्याच महिन्यात तिच्या मुलीच्या लग्नाला गावकीने गजराज नाकारला होता. पंचांशी वाकडं बोलली एवढ्यावरून. तिने गावभर शिव्या घातल्या होत्या.

"मी चोरलाय म्हनाय आलाव व्हय?" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "न्यायचा आसता तर लेकीच्या लग्नाला वाजत गाजत न्येला आसता, त्याच्यात भात शिजिवला आसता आनि त्या पंचांच्या नाकावर वाढला आसता! काळोखात न्येऊन काय करू, त्यात न्हाऊ?"

आत्या खो खो हसली. पण दारात फौजदार उभे होते. त्यांनी बिरडं संपवून आमचा माग काढला होता आणि वेढ्यांची सगळी हकिकत वाल्मिककडून ऐकली होती.

"बाई, शाबास! तुम्ही माझं काम सोपं केलंत. एकटा माणूस, दोराचा जाणता." त्यांनी शिपायाला हाक मारली. "त्या खलाशाला धरा."

सूर्य कलला होता. चौघांच्या जोडीला आता पाचवा जाणार होता, आणि चौघांनाही फौजदार सोडत नव्हते. "सामील असतील," ते म्हणाले.

५

"आबाजी नव्हे," आत्या म्हणाली.

"कशावरून?"

"कसं ते दाखवते. सगळ्या गावाला बोलवा."

करंजाखाली तोबा गर्दी झाली. आत्याने गजराजाच्या वजनाएवढ्या भाताच्या गोणी एकत्र बांधायला लावल्या, सोलाचं टोक त्यांना बांधलं. गोणी कड्यावरून खाली लोंबत ठेवल्या. चार गडी दोर धरून उभे.

"आबाजी, घाल वेढा. तुझ्या मनाने."

आबाजीने एकच वेढा घातला, टोक हातात घेतलं. गड्यांनी दोर सोडला. गोणी अलगद, एकसारख्या खाली गेल्या, जशी वरून कोणी घागर सोडावी. आबाजीने जमीन येण्याआधी त्या थांबवल्याही. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

"आता दोन वेढे घाल."

आबाजीने सवयीने दोर मुठीत आवळला, तशा दोन वेढ्यांवर गोणी जागीच अडकल्या. मूठ पार उघडली, तेव्हा कुठे त्या हळूहळू हातभर उतरायच्या, आणि मिटली की पुन्हा गच्च. "ह्यो काय खेळ झाला?" तो चिडला. "मी कशाला दोन घालीन? उगा झाडाशी कुस्ती!"

"धोंडूबाई, तू ये."

धोंडूबाई गावातली सगळ्यांत म्हातारी. वाकून चालायची. हातात सूप धरलं तरी सूप थरथरायचं. लोक हसायला लागले.

"अगं बाय, माजं मनगाट बग. भाकरी थापवत नाय."

"तेच मनगट मला हवंय."

एका वेढ्यावर दोर तिच्या हातातून सळ्‌कन सुटला. ती किंचाळली, चार गड्यांनी झडप घालून धरला. मग आत्याने दुसरा वेढा घालून दिला. "आता सोड."

आणि मी ते बघितलं. ती थरथरणारी म्हातारी, एका हातात दोराचं टोक, आणि पलीकडे चौघांचं ओझं, हळूहळू, हसत हसत खाली जातंय! तिने बोटं मिटली की थांबायचं, उघडली की उतरायचं. धोंडूबाई ओरडली, "मेल्यांनो, ह्ये बगा! ह्ये बगा!" गर्दी वेडी झाली. फौजदारांना राहवेना. "मला बसवा. मला सोडू दे तिला!" खरंच त्यांना गोणपाटाच्या झोळीत बसवलं आणि धोंडूबाईने खालापूरच्या फौजदाराला कड्यावरून खाली सोडलं. अर्ध्यात थांबवून तिने खाली वाकून विचारलं, "सोडशील न्हवं रं माज्या गावच्या पोरांना?" सुंदरासुद्धा हसली.

फौजदार चढून वर आले तेव्हा घामाघूम होते, पण डोळे उघडले होते. "बाई, ही भानामती काय आहे?"

"भानामती नाही, घर्षण आहे. दोर झाडाला घासतो तेव्हा झाड ताण खातं. पहिल्या वेढ्यात दहातले नऊ हिस्से झाड घेतं, तुमच्या हाताला एक उरतो. दुसऱ्या वेढ्यात त्या उरलेल्या एकाचेही नऊ दशांश झाड खातं. म्हणून बळकट माणसाला एक वेढा पुरतो. दुसरा त्याला अडचण होतो. दोन वेढे घालणारा माणूस दुबळा हवा. साहेब, चोराच्या मनगटाचं माप झाडाने घेऊन ठेवलंय."

"तुम्ही सगळे दांडग्या माणसांकडे बघत होतात," ती पुढे म्हणाली. "गजराज नेणारा दांडगा नाही. ज्याच्यावर कोणी बोट ठेवणारच नाही असा कोणीतरी, ज्याच्याने कळशीसुद्धा..."

आत्या बोलता बोलता थांबली. तिचा चेहरा उतरला. गर्दीच्या डोक्यांवरून ती खाली बघत होती, आमच्या घराच्या कौलांकडे.

६

ती थेट घराकडे निघाली. फौजदारांना तिने अंगणाबाहेर, जाईच्या मांडवाआड थांबवलं. बापूकाका पडवीत बसले होते.

"दादा, तहान लागलीय. पाणी काढून देतोस?"

"मी? अगं, सुचेता आहे ना..."

"तुझ्या हातचं हवंय."

काका उठले. विहिरीवर गेले. कळशी सोडली, भरली, ओढायला लागले. अर्ध्यावर त्यांना धाप लागली. रोज पूजेचं पाणी काढताना लागायची तशीच. आणि रोज करायचे तेच त्यांनी केलं. दोराचे दोन वेढे काठावरच्या खांबाला घातले, टोक बोटात धरलं, आणि कळशी विहिरीत लटकती ठेवून श्वास घेत उभे राहिले.

मी सुट्टीभर रोज ते बघत होते. मला त्यात काही दिसलं नव्हतं.

आत्या त्या दोन वेढ्यांकडे बघत होती. काकांनी तिच्या नजरेमागे नजर नेली, आणि ते घाईने वेढे सोडवायला लागले.

"कुठे शिकलास हे?"

"घाटात. ठाकुरवाडीकडे, लाकडाच्या कंत्राटदाराकडे कारकून होतो तेव्हा. ओंडके असेच सोडायचे." मग ते सावरले. "काय म्हणायचंय तुला, उमे? मला कळशी उचलत नाही, सगळं गाव जाणतं."

"तीच तर तुझी साक्ष होती, दादा. तू मुद्दाम गजराजच निवडलास. देवळात चांदीचा मुखवटा आहे, समया आहेत. पण ते कोणीही नेलं असतं. गजराज गेला की चौघांचंच नाव येणार. चाकरी मोडणार, जमीन देवस्थानाकडे येणार. आणि देवस्थान म्हणजे तू. आपल्या बागेला लागून आहे ती."

"पुरावा?" काका म्हणाले. आवाज अगदी हळू. "झाडावरच्या खुणा कचेरीत नेणार आहेस?"

"नाही. गजराज नेणार आहे." आत्या मांडवाकडे वळली. "साहेब, या. नाक्यावर गाड्या उलट्या करून तपासतात. तपेल्याची गाडी ना कर्जतला गेली असती ना खालापूरला. कड्याखालच्या वाटेवर नाक्याआधी गाडी थांबवता येईल अशी एकच जागा आहे. आमच्या बागेशी. बागेत आमच्या आजोबांची जुनी विहीर आहे. वापरात नाही. गाडीचे बैल सोडले की गाडी मागे कलंडते, आणि तिच्यातलं सगळं घरंगळत विहिरीत."

विहिरीवर झाडोरा माजला होता. एका बाजूचा ताजा मोडलेला. पाणी हिरवं, आत काही दिसेना. आत्याने लोखंडी गळ दोराला बांधला आणि खाली सोडला. गळ टेकला. तिने दोर माझ्या हातात दिला. "काय कळतंय?"

"ढिला पडला. चिखल."

ती दोन पावलं सरकली. पुन्हा सोडला. ह्या वेळी दोर ढिला पडण्याआधी माझ्या तळव्यात झिणझिण झाली, जणू पाण्याखाली कोणी सतारीची तार छेडली.

"आत्या! दोर थरथरतोय!"

"माती दोराला गप्प करते. तांबं वाजतं." ती वळली आणि ओरडली, "भिवाजी! चौघांना बोलाव. मान तुमचा आहे, तुम्हीच काढा!"

फौजदारांनी चौघांना सोडलं. धाकलू म्हणून त्यांतला एक उत्तम पोहणारा, त्याने बुडी मारून कडीला सोल ओवला. सगळं गाव दोराला लागलं, सुंदरा आणि जयवंता सगळ्यांत पुढे. हिरव्या पाण्यातून गजराज वर आला तेव्हा त्याच्या काठावरून पाणी धो धो सांडत होतं, आणि मावळतीचं ऊन तांब्यावर पडून सगळ्यांची तोंडं लाल झाली. असा आरडाओरडा मी पुढे स्वातंत्र्याच्या दिवशीच ऐकला.

काका विहिरीच्या दगडावर बसले होते. शिपाई बेड्या घेऊन पुढे झाला. भिवाजी मधे आला.

"बेड्या नको, सायेब. त्यांना दम लागतो."

आत्याने इतका वेळ डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. तेव्हा मात्र तिने पाठ फिरवली.

७

पुढे कोणाचं काय झालं ते सांगते.

फौजदार घोसाळकर बढती घेऊन पेणला गेले. हा तपास आपणच लावला असं ते सांगत, पण धोंडूबाईने आपल्याला लटकवलं होतं, हेही न चुकता सांगत. धोंडूबाई आणखी तीन पावसाळे जगली. जत्रेला आलेली माणसं तिला बघायला यायची आणि ती त्यांना मनगट दाखवायची. आबाजीने म्हैस विकली आणि कशेळ्याच्या बाजारात दोराचं दुकान टाकलं. ते बरं चाललं. जयवंताच्या मुलीचं लग्न त्याच जेठात झालं, गजराजात भात शिजला, आणि तिने पंचांना स्वतः वाढला. नाकावर नव्हे, पानात. वाल्मिक गुरवाने कोठीला कुलूप लावलं आणि किल्ली हरवली.

भैरोबाची जमीन चौघांकडेच राहिली. पुढे कुळकायद्यात ती त्यांच्या नावावर झाली. भिवाजी गेला तेव्हा सुंदराने मला कळवलं होतं. मी जाऊन आले.

मी त्या साली मॅट्रिक झाले, आत्याच्या मागे पुण्याला गेले, आणि जन्मभर मुलींना पदार्थविज्ञान शिकवलं.

बापूकाकांना अलिबागला शिक्षा झाली. सुटले तेव्हा घरी कोणी घेईना. माझ्या वडिलांनी, त्यांच्या सख्ख्या भावाने, दार लावून घेतलं. उमाआत्या अलिबागला गेली आणि त्यांना आपल्या दोन खोल्यांत पुण्याला घेऊन आली. लोकांनी नावं ठेवली. काका आणखी नऊ वर्षं तिच्याकडे होते. त्यांचं पथ्य, काढे, रात्रीचा दमा, सगळं तिने केलं.

मी एकदा न राहवून तिला विचारलं, "आत्या, तूच त्यांना पकडून दिलंस, आणि तूच?"

ती काकांसाठी आलं किसत होती. हात न थांबवता म्हणाली, "चोर सापडला, तो दिला. भाऊ कुठं कोणी मागितला होता?"